आधी खुंटी, मग पाणी

"…मग तो उठत का नाही, अक्का?"

"कोण?"

"माझा थ्रेड."

मठाच्या पडवीत अक्का आमसुलं निवडत बसल्या होत्या. एक आमसूल त्यांनी उन्हाकडे धरून पाहिलं आणि सुपात टाकलं.

"त्याला झोपवलं कोणी?"

"मीच."

"अस्सं…"

प्रद्युम्न पहाटेच्या तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, खाडी ओलांडून आला होता. या मठात लोक येत ते मन थाऱ्यावर नाही म्हणून, घरात कुरबुर आहे म्हणून, जवळचं कोणी गेलं म्हणून. यंत्र बिघडलं म्हणून आलेला हा पहिलाच. पण त्याला तो हक्क होता. मठात येण्यापूर्वी वत्सलाक्कांनी अर्धं आयुष्य ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यात आणि शिकवण्यात घालवलं होतं, आणि प्रद्युम्न त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या. तो मात्र रोज स्वतःशी म्हणत असे.

तान्ह्या बाळांना थेंबाथेंबानं औषध देणारं एक यंत्र होतं. त्याचं कर्नेल प्रद्युम्ननं लिहिलं होतं. कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी आणि थ्रेड म्हणजे त्याच्या हाताखालचे गडी. ज्याला काम नाही त्यानं उगाच येरझारा घालून वीज जाळू नये, गुमान झोपावं. काम आलं की कारभारी त्याला उठवील. इतकी सरळ गोष्ट. पण चाचणीत कधीतरी, फार क्वचित, एखादा गडी झोपायचा तो झोपायचाच. काम उशाशी येऊन पडलेलं, आणि हा ढिम्म. मग यंत्राचा थेंब थांबायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रं हॉस्पिटलांकडे निघणार होती. पाठवा की थांबवा, ते प्रद्युम्ननं कळवायचं होतं. त्याच्याबरोबर काम करणारी नीलाक्षी म्हणाली होती, थांबवू या, तुझ्या लिखाणात कुठंतरी फट आहे. नाकावर माशी बसू न देणारा हा गृहस्थ. त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं. अक्कांनी एकदा 'बरोबर आहे' म्हटलं की पलीकडच्या काठावर जायचं, जिथं फोन लागतो, आणि 'पाठवा' म्हणून सांगून टाकायचं, असं तो ठरवून आला होता.

"प्रत्येक ओळ तपासली मी," तो म्हणाला. "झोपणारा नीट बघून झोपतो. उठवणारा वेळेवर हाक मारतो. दोघांचंही काही चुकत नाही."

"नसेल चुकत."

"मग?"

"मग… जेवून घे."

जेवणात कुळथाचं पिठलं होतं. अक्का यंत्राबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यानं दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी भात वाढला. शेवटी तो वैतागला आणि निघतो म्हणाला. अक्का बरं म्हणाल्या आणि त्यांनी त्याला इथल्या तरीची रीत सांगितली.

या खाडीत तरीला वेळापत्रक नाही. भरतीचं पाणी असेल तेव्हा ती येते. ओहोटी लागली की काठाशी चिखल उघडा पडतो, तर रुतून बसते, म्हणून हुसेन तांडेल घटकाभरही थांबत नाही. धक्क्यावर एक खांब आहे, त्याला खुंट्या आहेत. उतारूनं आपलं काहीतरी खुंटीला अडकवायचं, पंचा, टोपी, काहीही, आणि वरच्या झावळ्यांच्या झापाखाली खुशाल झोपायचं. तांडेल आला की खुंटीवरची वस्तू उचलतो, झापाखाली जातो आणि ज्याची त्याला उठवून देतो. खुंटी रिकामी असली की परत फिरतो.

"फक्त एक," अक्का म्हणाल्या. "आधी खुंटी, मग पाणी. आधी अडकवायचं, आणि मग बघायचं तर आली आहे का. आली असली तर आपलं काढून घ्यायचं आणि चढायचं. नसली तर झोपायचं."

प्रद्युम्नला हसू आलं. समोर तर उभीच असेल तर अडकवायचं कशाला? घालायचं आणि काढायचं, नुसती हमाली. आधी बघावं, नसली तरच अडकवावं. कोणीही शहाणा माणूस असंच करील. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याला ऐकवायला तिथं कोणी नव्हतं.

तो धक्क्यावर उतरला. खाडी दुपारच्या उन्हात निपचित पडली होती. लांबवर एक बगळा, बाकी पाणीच पाणी. तर नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की पंचा वर पडवीतच राहिला. तो आणायला तो काजूच्या बागेतून वळणावळणानं चढला. पंचा घेतला. विहिरीवर पोहऱ्यानं पाणी काढून प्यायला. तिथल्या सावलीत क्षणभर बरं वाटलं. मग रमतगमत खाली आला, पंचा खुंटीला अडकवला आणि झापाखाली जाऊन आडवा झाला.

आता कसली काळजी? तर आली की उठवतील.

डोळा लागला.

स्वप्नात तो एका लांबच लांब पडवीत निजला होता. डावीउजवीकडे माणसं निजलेली, कोणाला चेहरा नाही. पायांमधून कोणीतरी अलगद चालत होतं, वाकून एकेकाच्या कानात नाव सांगत होतं, आणि ज्याचं नाव निघे तो उठून, जराही आवाज न करता, धुक्यात जात होता. प्रद्युम्न आपल्या नावाची वाट पाहत होता. त्याच्या उशाशी कामं येऊन पडत होती. एक, मग आणखी एक, त्यांचा ढीग त्याच्या कानाला लागला. ढिगाखालून कुठलंतरी तान्हं बाळ बारीक आवाजात रडत होतं. त्याला उठायचं होतं. पण उठवल्याशिवाय उठता येत नव्हतं. चालणारी पावलं एकदा त्याच्या जवळून गेलेली होती, की यायची होती, ते काही केल्या आठवेना. पडवीवर धुकं उतरत राहिलं, माणसं कमी होत गेली, आणि बाळाचं रडणंही हळूहळू कमी झालं. त्याला फार भीती वाटली.

तो दचकून उठला. ऊन कलून गेलं होतं. काठाशी चिखल उघडा पडला होता आणि त्यात खेकडे फिरत होते. पंचा खुंटीवर तसाच होता.

अक्का धक्क्यावर बसल्या होत्या.

"तर आली नाही?"

"आली होती की. गेलीसुद्धा. मी वाडीतून पाहिली."

"मग त्यानं मला उठवलं का नाही?"

"खुंटी रिकामी होती."

"असं कसं… मी बघितलं तेव्हा तर नव्हती."

"नव्हती."

"आणि तो आला तेव्हा…"

"तू विहिरीवर होतास."

प्रद्युम्न पंच्याकडे बघत राहिला. तांडेलाला दोष द्यावा म्हटलं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. स्वतःला द्यावा, तर तोही नीट बघूनच झोपला होता. मग त्याला आपली यंत्रं आठवली, गाडीत चढायला तयार असलेली.

"पुढची तर?" त्यानं विचारलं.

"पहाटेच्या भरतीला. आता पंचा आहे खुंटीला. उठवील तो."

म्हणजे यंत्रं निघायच्या आत तो पलीकडे पोचणार होता. उतरल्या उतरल्या नीलाक्षीला फोन करीन, तो म्हणाला, थांबव म्हणून सांगीन, आणि तिची माफीही मागीन.

अक्कांनी मान हलवली.

पण हाडाचा हुशार माणूस. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणालाच, "अक्का, पण ओळ कुठली चुकली ते सांगा. सगळ्या तर बरोबर आहेत."

"काय लिहिलंस ते म्हणून दाखव. आपल्या भाषेत."

"जर काम नसेल, तर झोप."

"सावकाश."

"जर काम नसेल…"

तो श्वास घ्यायला थांबला.

अक्कांनी हात वर करून त्याला तिथंच थांबवलं. खाडीवरून वारा आला आणि पंचा हलला.

"इथंच," अक्का म्हणाल्या. "इथंच तर गेली."