मागची रिकामी सीट

बेटावरच्या देवीच्या देवळाचा कळस दिसल्याशिवाय एकही विमान सोडायचं नाही, असं व्रत कुमुदिनीबाईंनी यजमान धुक्यात विमान कोसळून गेले तेव्हा घेतलं. यजमानांची समुद्रकाठची विमान शिकवायची शाळा आता त्याच चालवत.

शाळेच्या समारंभाला मुलाला घेऊन आलेले मंत्री खेकसले, "कळसाचं काय घेऊन बसलात, बाई? माझ्या सलामीला पोरं उडालीच पाहिजेत!"

धुकं दाटत होतं. वर शहराकडे निघालेली मोठी विमानं, उतरायला धावपट्टी दिसेना म्हणून घिरट्या घालत होती.

"सोडते, साहेब. मागची सीट रिकामी आहे, तेवढं आपल्या चिरंजीवांना बसवा."

मंत्र्यांनी प्रथमच आभाळाकडे पाहिलं. "आज राहू द्या," ते पुटपुटले.

सगळे हसले. बाईंचे डोळे मात्र भरून आले. यजमानांना तसल्या धुक्यात धाडणाऱ्यालाही त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं. तेव्हा त्या गप्प राहिल्या.

बायांनो, तुम्ही तरी गप्प राहू नका गं.