ठमाआजीचा वाटा

जरा जपून चाला, पाव्हणे. चपला हातात घेतल्यात तर बरं, कारण या चिखलानं एकदा पाय धरला की तो चप्पल ठेवून घेतो. डावीकडे खाडी आहे, उजवीकडे आमची भातं. मधला हा मातीचा बांध म्हणजे खारसोंडे गावाचा प्राण. इथून तिथवर तो दोन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद आहे, पण समोर बघा, त्या वळणाशी बैलगाडी उलटी फिरवता येईल एवढा पसरलाय. सरकारी इंजिनीअर आले होते तेव्हा डोकं खाजवून गेले. त्या जागेला ठमाआजीचा वाटा म्हणतात. मी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वर-खाली करणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. पण हे माझ्या आजीनं सांगितलं, तिला तिच्या आजीनं, त्यामुळे मी सांगतो ते निमूट ऐका.

फार पूर्वी, म्हणे, हा बांध घरागणिक वाटलेला होता. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा बांधाचा वाटा. आपल्या वाट्यावर आपणच माती घालायची. दुसऱ्याच्या वाट्यावर कोणी माती घातली, तर त्याचा अर्थ एकच व्हायचा, की त्या घरात आता पाटी उचलणारं कोणी उरलं नाही. मग पंच म्हणायचे, दार बंद झालं, आणि त्या घराचं शेत गावात जमा व्हायचं. रीत कडक होती. हसू नका, तुमच्या शहरातही याहून वेड्या रीती आहेत.

ठमाआजीचा नवरा, मुलगा, सून, तिघंही देवीच्या साथीत आठ दिवसांत गेले. मागे राहिली ती साठी उलटलेली आजी आणि सहा वर्षांची नात, नाथी. नाथी मोठी होऊन तिच्या घरी जावई येईपर्यंत वाटा राखायचा, हा आजीनं पण केला. रोज सकाळी वीस पाट्या चिखल, ऊन असो की पाऊस. कोणी मदतीला पुढं आलं तर ती त्याला हाकलून द्यायची.

आणि हीच बाई दुसऱ्यांच्या घरी मात्र न बोलावता जायची. गावातली बाळंतपणं तिच्या हातची. लावणीच्या दिवसांत बायका शेतात गेल्या की गावातली सगळी तान्ही पोरं तिच्या ओटीवर लोळायची. साथीत लोकांनी एकमेकांची दारं लावून घेतली होती, तेव्हा घरोघरी पेज पोचवणारी ती एकटीच होती, स्वतःच्या घरात तीन मढी झाल्यावरसुद्धा. खरं सांगतो, तिच्याबद्दल बोलताना माझा ऊर भरून येतो, आणि मी तिला पाहिलंही नाही.

अशी सहा वर्षं गेली. मग एका श्रावणी पौर्णिमेला भर दुपारी उधाण आलं. नारळ घेऊन खाडीवर निघालेल्या लोकांनी पाहिलं, तर वळणावर पाणी बांधातून आत धावत होतं. बांधाला असं भगदाड पडलं की आम्ही त्याला खांड म्हणतो. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढं तीन वर्षं भात होत नाही. म्हणजे गाव उठलंच म्हणायचं. आणि खांड पडली होती ठमाआजीच्या वाट्यात.

आजी आधीच पोचली होती. एकटी पाट्या ओतत होती आणि पाणी ती माती जिथल्या तिथं धुऊन नेत होतं. सगळं गाव पाट्या, पेंढा, कुदळी घेऊन धावलं आणि दहा पावलांवर थबकलं. पुढं कोण होणार? तिथला एकेक गडी तिच्याच हातांनी जगात आलेला. माती टाकायची म्हणजे तिचं दार आपल्या हातानं लावायचं. असं सांगतात की धडधाकट माणसं पाट्या डोक्यावर घेऊन रडत उभी होती. प्रेमापोटी माणूस किती मूर्खपणा करतो बघा, इकडे शेतं बुडताहेत आणि हे उभे.

आजीनं वळून पाहिलं. हातातली पाटी खाली टाकली आणि ती सरळ खांडीत उतरली. पाणी छातीशी लागलं, तशी पाण्याला पाठ लावून ओरडली, "उभे काय रेलाव रं? टाका माती!"

"आजी, तुजं दार बंद व्हईल," कोणीतरी म्हणालं.

"व्हऊं दे. गावाचं भात गेलं तं माजी नाथी काय माती खाईल? टाका!"

मग मात्र गाव तुटून पडलं. पेंढा, चिखल, दगड, जे हाती लागेल ते. आजी खांडीत उभी होती तोवर पाणी बोटभरही वर चढलं नाही असं म्हणतात. मी उघाडीवर जन्म घालवलाय, भरती तिच्या वेळेनं येते आणि तिच्या वेळेनं जाते हे मला ठाऊक आहे. तरी या गोष्टीत मी तोंड घालत नाही. माती तिच्या खांद्याला लागली तेव्हा तिला ओढून वर काढलं, आणि ओहोटी लागायच्या आत खांड बुजली.

लोक नाचायला लागले. तेवढ्यात जाना पाटील पुढं आला. माणूस वाईट नव्हता, पण रितीचा पक्का. मान खाली घालून म्हणाला, "ठमाबाय, तुजं उपकार सगल्यांवर हायत. पन रीत ती रीत. आज तुज्या वाट्यावर गावाची माती परली."

आजी चिखलानं माखलेली उभी होती. ती खाली वाकली, उरलेल्या चिखलाची पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि बांधावरून चालू लागली. चार वाटे ओलांडून पाटलाच्या वाट्यावर आली आणि पाटी तिथं ओतली.

"घे पाटला," म्हणाली, "तुजंबी दार बंद."

पहिली हसली ती पाटलाचीच म्हातारी आई. तिनं पाटी भरली आणि शेजारच्याच्या वाट्यावर टाकली. त्या घरच्या सुनेनं पुढच्यावर टाकली. मग बायका, मग गडी, हा त्याच्यावर, तो ह्याच्यावर. दिवस कलायच्या आत अख्ख्या बांधावर असा एक वाटा उरला नाही, ज्यावर दुसऱ्याची माती नव्हती.

"गावात एकबी दार उघरं नाय रेलं," आजी म्हणाली. "आता सांग, शेतं कोनाची?"

पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं. "ज्याची हुती त्याची," तो म्हणाला. आणि अशी ती रीत मेली.

आजी पुढं बारा वर्षं जगली. नाथीचं लग्न झालं, जावई घरी आला, पणतू ओटीवर लोळला, हे सगळं तिनं पाहिलं. ती गेली तेव्हा लोकांनी तिच्या वाट्यावर एवढी माती वाहिली की बांध तिथं पसरला तो पसरलाच.

आजही श्रावणी पौर्णिमेला गावातली सगळ्यात वयस्क आजी पहिली पाटी पाटलाच्या वाट्यावर ओतते. त्यासाठी आताचे पाटील नोकरीवरून रजा काढून येतात. मग सारं गाव एकमेकांच्या वाट्यावर माती घालतं, आपल्या वाट्यावर कोणीच घालत नाही. आणि ज्याच्या वाट्यावर त्या दिवशी दुसऱ्याची पाटी पडणार नाही, त्यानं समजायचं की आपलं दार बंद झालं. इतक्या पिढ्यांत ते एकाचंही झालेलं नाही.