डोंगर सोडून गेलेली सालईची झाडं

बाब्या, पाय आत घे. मंजे, त्याला चिमटे काढू नकोस, मला सगळं दिसतं. हा वास येतोय ना, तो सालईच्या धुपाचा. डासांसाठी खडा टाकलाय निखाऱ्यावर. आज त्याचीच गोष्ट सांगते. पण मधे बोललात तर मी कूस बदलून झोपेन, आधीच सांगून ठेवते.

तर एक होता डोंगर. राजा नाही, राणी नाही, नुसता डोंगर. आणि तोही सगळा दगडाचा. पाऊस चार दिवस पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. ज्वारी वीतभर वाढायची आणि मान टाकायची. पण त्या दगडातून सालईची झाडं उगवायची, शेकड्यांनी. सालीवर बेतानं घाव घातला की आतून डिंक यायचा, सोनेरी. तो झाडावरच सुकायचा. मग त्याचे खडे खुरपून टोपलीत भरायचे, घाटाखालच्या बाजाराला न्यायचे आणि बदल्यात ज्वारी-मीठ आणायचं. डोंगरावरच्या सालपाड्याची सगळी माणसं यावरच जगायची. दुसरं काही नव्हतंच, बरं का.

त्या पाड्यावर सुमली नावाची बाई होती. हातानं चलाख, तोंडानं त्याहून. तिची सासू झिपरी, फार म्हातारी. डोळे गेलेले, पाय गेलेले, ओसरीवर बसून असायची. सुनेला डिंक काढायला तिनंच शिकवलेलं. काय शिकवलं? घाव एकाच अंगाला घालायचा, दुसरं अंग झाडाचं. आणि हंगामातला पहिला खडा विकायचा नाही. तो झाडाच्या बुडाशीच जाळायचा, कारण तोही झाडाचाच.

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. बाजारातला व्यापारी म्हणाला, "आणाल तेवढा डिंक घेतो. टोपलीला टोपलीभर ज्वारी." सुमलीच्या डोळ्यांपुढे भरलेली कणगी दिसायला लागली. तिनं झाडाच्या एका अंगाला घाव घातला. मग दुसऱ्या अंगाला घातला. मग झाडाभोवती फिरून गोल पट्टाच काढला. डिंक नुसता ओघळला. तिचं बघून शेजारणीनं तसंच केलं आणि शेजारणीचं बघून सगळ्या पाड्यानं. पहिला खडा निघाला लिंबाएवढा. तो सुमलीनं पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

सासूनं विचारलं, "पहिला खडा जाळलास का गं?"

"जाळला," सुमली म्हणाली.

धडधडीत खोटं. म्हातारीनं नाक वर करून हुंगलं.

दुसऱ्या दिवशी पाडा जागा झाला, तर डोंगर उघडा. एक झाड नाही. तोडलेलं नाही, पडलेलं नाही, खोडसुद्धा मागे नाही. जिथं झाड होतं तिथं खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्यातून मुळांच्या रेघा निघालेल्या, नांगर ओढल्यासारख्या, थेट डोंगर उतरून गेलेल्या. झाडं आपल्या मुळांवर चालत निघून गेली होती. माणसं त्या रेघांकडे बघत उभी राहिली. तान्ही मुलंसुद्धा रडेनात.

मग पाड्यातल्या जाणत्यांनी ठरवलं, तीन दिवस वाट बघायची. चौथ्या दिवशी सूर्य वर आला की बिऱ्हाडं उचलायची आणि खालच्या मुलखात मजुरीला जायचं. झिपरी म्हणाली, "तुम्ही जा. मला कोण एवढं वाहून नेणार? मी इथंच बसते." आता तिथं एकटीला पाणी कोण देणार होतं? पुढं काय होणार ते सगळ्यांना कळलं. सुमलीला रडू फुटलं. सासूच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मी खोटं बोलले. खडा माझ्याकडेच आहे."

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "नाक शाबूत आहे माझं. जा, ज्याचा आहे त्याला देऊन ये."

मग सुमली त्या रेघांमागून निघाली. चालली, चालली. वाटेत एक गाडीवान भेटला. त्याला वास आला. म्हणाला, "खडा दे, पोतंभर ज्वारी देतो." सुमली थांबली नाही. मग तोच बाजारातला व्यापारी भेटला. म्हणाला, "गाडीभर देतो, बैलांसकट." सुमलीचा हात गाठीकडे गेला, हो, गेला, खोटं कशाला सांगू? पण तिला ओसरीवरची सासू आठवली आणि तिनं हात मागे घेतला.

मग लागला माळ. सावलीला काडी नाही. तिथं एक धनगरीण, ठकू तिचं नाव, मेंढरं घेऊन बसलेली. तिनं काही मागितलं नाही. सुमलीकडे बघितलं, अर्धी भाकर मोडून दिली, तांब्या पुढे केला. तिच्या मांडीवर एक कोकरू होतं. त्याचा पाय चिघळलेला, आणि माश्या काही हटत नव्हत्या. सुमलीनं भाकर खाल्ली. मग काय मनात आलं कोण जाणे, गाठ सोडली, खडा दातांनी फोडला आणि अर्धा ठकूच्या हातावर ठेवला. "याचा धूर दे त्याला, माश्या जातील," म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

पुढं एक आटलेलं तळं होतं. आणि त्या तळ्यात उभी होती सगळी झाडं. एवढी शेकडो झाडं, पण पान हलत नव्हतं. फांद्यांवर घरटी तशीच, घरट्यांत पिल्लं तशीच. एका फांदीला मधाचं पोळं लटकलेलं, पण एक माशी उठलेली नाही. आणि प्रत्येक बुंध्याला तो गोल पट्टा. सुमलीनं हात जोडले, पाया पडली, विनवण्या केल्या. झाडं काही हलली नाहीत.

मग तिनं एक खापर शोधलं, काटक्या पेटवून निखारा केला आणि उरलेला अर्धा खडा त्यावर ठेवला. धूर उठला. झाडांच्या बुंध्यांभोवती फिरला, वर गेला. आणि सगळ्यात जुन्या झाडानं जमिनीतून एक मूळ उचललं. मग दुसरं. ती खापर घेऊन उलट्या वाटेला लागली, आणि मागून अख्खं रान निघालं.

जमीन थरथरत होती. खापर तापलं, हाताला फोड आले, पण तिनं ते खाली ठेवलं नाही. माळावर ठकूपाशी पोचेपर्यंत धूर बारीक झाला. मागच्या झाडांना वास लागेना. ती झाडं तिथंच थांबली, मेंढरांभोवती, आणि सावली धरून उभी राहिली. पुढची मात्र सुमलीमागून येत राहिली.

इकडे चौथा दिवस उजाडला. माणसांनी गाठोडी डोक्यावर घेतली. झिपरीच्या पाया पडली, पण तिच्याकडे कोणाला बघवेना.

झिपरीनं नाक वर केलं. म्हणाली, "थांबा. वास येतोय."

कोणालाच वास येत नव्हता. पण झिपरीचं नाक कधी चुकलेलं नव्हतं, म्हणून सगळी थांबली. मग पायांखालचा दगड हलायला लागला. मग डोंगराच्या कडेवरून पहिला शेंडा वर आला, आणि त्याच्यापुढे सुमली, हातात विझलेलं खापर. झाडं आली आणि ज्याच्या त्याच्या खड्ड्यात जाऊन उभी राहिली. माणसांच्या डोक्यावरची गाठोडी आपोआप खाली आली.

मग सगळ्या पाड्यानं चिखल कालवला आणि एकेका झाडाच्या घावावर लिंपला. वर्षभर कोणी झाडाला हात लावला नाही. ठकूनं माळावर राहिलेल्या झाडांवर आपोआप सुकलेला डिंक वेचून पाठवला, त्यावर पाडा जगला. झाडं भरून आली. पुढच्या हंगामात सुमलीनं एकाच अंगाला घाव घातला, आणि पहिला खडा निघाला तो बुडाशी जाळला. घरी आली. सासू ओसरीवर बसलेली. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. नुसता सुनेचा हात ओढून नाकाशी धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला.

झालं. पाड्यावरची सुखी, माळावरची सुखी. आता डोळे मिटा. मी निखारा विझवते, नाहीतर परसातला शेवगा घरात यायचा.