ताईने निवडलेले खेळ

फार पूर्वी विणकरांच्या एका गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत होते. पौष पौर्णिमेला सगळे माग बंद ठेवून गाव संध्याकाळी चौकात खेळायला जमे. खेळ कोणते, हे बहीण ठरवायची. तिने नाव घेतले की म्हातारे-कोतारेही उठत आणि हसून हसून बेजार होत.

एका पावसाळ्यात ती तापाने गेली.

पौष आला तेव्हा गावकरी म्हणाले, "यंदा राहू दे."

भाऊ उसळून म्हणाला, "राहू दे कसं? ही संध्याकाळ बंद पडली, तर ताईचं काय उरलं? खेळ मी निवडतो."

त्याने हुतूतू लावला. मग लगोरी. मग पुन्हा हुतूतू. या खेळांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पोरे धावली, बाकीचे ओट्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने एकेक जण उठून घराकडे निघाला.

भाऊ ओरडला, "ताई सांगायची तेव्हा बरे खेळायचात! आता काय पाय मोडले?"

"मोडलेच आहेत रे," शेजारची म्हातारी आत्या म्हणाली. "पौर्णिमेच्या दिवशी तुझी ताई सकाळीच घरोघरी येऊन विचारायची. आत्या, गुडघा कसा आहे? काका, दिसतं का नीट? मग खेळ ठरवायची. तू तेव्हा घोरत असायचास."

"मला वाटायचं, तिला खेळ पाठ आहेत."

"तिला आम्ही पाठ होतो, बाळा."

निघालेल्यांना अडवावे की जाऊ द्यावे, भावाला कळेना. शेवटी तो एका म्हाताऱ्या विणकरामागे धावला. "काका, तुम्हाला काय खेळता येईल?"

"मला आता दोरा दिसत नाही. पण कापड हातात दे, कुणी विणलंय ते सांगतो."

"चला, मग तेच!"

घराघरांतून धोतरे, लुगडी, पंचे आले. आळीपाळीने एकेकाचे डोळे बांधले. भावाने स्वतःच विणलेला पंचा हातात घेऊन ठासून सांगितले, "हे काकांचं!"

"माझं? एवढं सैल?" काका पंचा चाचपून म्हणाले. चौक हसून लोटपोट झाला. कोणी घरी गेले नाही.

हसू ओसरल्यावर भावाने आत्याला विचारले, "ताईला स्वतःला कोणता खेळ आवडायचा?"

आत्याने काकांकडे पाहिले. काकांनी नकारार्थी मान हलवली. ताईने प्रत्येकाला विचारले होते. तिला विचारायचे कोणालाच सुचले नव्हते. भावालाही नाही.

तात्पर्य एवढेच: चार जणांचा खेळ निवडायचा, तर आधी चौघांना विचारावे. आणि जे माणूस दर वेळी आपली विचारपूस करते, त्याला ते समोर असतानाच विचारावे, तुला काय आवडतं?