न चोरता येणारा पुतळा

"माझा असा पुतळा घडव, की माझ्यामागून येणाऱ्या एकाही राजाला त्यावर स्वतःचं नाव कोरता येणार नाही!" इजिप्तच्या नेबखेत राजाने शिल्पकार सेन्बीला फर्मावलं. "नाईलला पूर येईपर्यंतची मुदत. नाही जमलं, तर दोन्ही हात मनगटापासून तोडीन!"

राजाला ही धास्ती का पडली म्हणाल, तर चोराच्या मनात चांदणं! गादीवर बसल्यापासून या महाशयांनी स्वतःचा एकही पुतळा घडवून घेतला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा! देवळात जुन्या राजाचा पुतळा दिसला, की त्याचं नाव खरवडायचं आणि तिथे आपलं कोरायचं. आजोबांचे पुतळे ढापले, पणजोबांचे ढापले. परवा आजोबांचं नाव खरवडताना छिन्नीखाली त्याहून जुनं, भलतंच नाव निघालं. म्हणजे आजोबाही चोरच! उद्या आपलीही हीच गत होणार, हे तेव्हा कुठे राजाच्या डोक्यात शिरलं.

बिचारा सेन्बी जमिनीला कपाळ टेकून पडला होता. "महाराज, नाव खूप खोल कोरतो."

"खोल कोरलेलं खोल खरवडता येतं. मीच खरवडलंय!"

"मग सगळ्यात कठीण काळा दगड घेतो."

"माझ्या बापानंही तोच घेतला होता. काय उपयोग झाला?"

"मग खाली शाप लिहू? नाव पुसणाऱ्याला मगर खाईल, असा?"

"असले ढीगभर शाप पुसलेत मी! मगर राहू दे, साधी सर्दीसुद्धा झाली नाही!"

सेन्बीच्या मूर्तींच्या कारखान्यातले सगळेच पालथे पडले होते. कारागिरांनी राजासमोर मान वर करायची नाही, हा नियमच होता. सेन्बीची सून हेनुत तेवढी कोपराखालून हळूच बघत होती. कारखान्यात नमुन्यांसाठी माती मळायचं काम तिचं, आणि नको तिथे डोकावायची खोड माहेरापासूनची. तिने राजाला पायापासून मुकुटापर्यंत नीट न्याहाळलं आणि हसू दाबायला ओठ घट्ट मिटून घेतले.

राजा गेला. सेन्बी आपल्या हातांकडे बघत बसला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"मामंजी, एक विचारू? राजाला तुम्ही कधी पाहिलंय?"

"पाहिलंय की! त्याच्या पायांची दाही नखं ओळखतो मी."

"आणि तोंड?"

"तोंड कशाला बघायचं? राजाचं तोंड ठरलेलं असतं, सूनबाई. गुरूंनी शिकवल्याप्रमाणे दगडावर मापाच्या चौकटी आखायच्या. रुंद खांदे, बारीक कंबर, ओठांवर मंद हसू. सगळ्या राजांना तेच."

"म्हणून तर चोरी होते! तोंड सगळ्यांचं एकच, मग नाव बदललं की झालं. मी मातीचा नमुना करते. तुम्ही तो जसाच्या तसा दगडात उतरवा."

नमुना बघून सेन्बीने आधी दार लावून घेतलं. "अगं, हा कोण?"

"ज्याची नखं तुम्ही ओळखता, तो."

"यापायी हात नाही, मान जाईल!"

"हात गेल्यावर मानेचा काय उपयोग, मामंजी? जन्मभर एकच खोटं तोंड कोरलंत. एकदा खरं कोरून बघा!"

म्हाताऱ्याने मुकाट्याने छिन्नी उचलली.

नाईलचं पाणी चढलं आणि राजा प्रधानाला व पुजाऱ्यांना घेऊन देवळात आला. सेन्बी जमिनीला कपाळ टेकून पडला आणि हेनुतने पुतळ्यावरचं कापड ओढलं. सुपाएवढे कान! बसकं नाक! लोंबता खालचा ओठ, दोरीने बांधलेली खोटी राजदाढी वाकडी झालेली, आणि कमरपट्ट्यावरून ओघळणारं ते पोट! एका पुजाऱ्याला एकाएकी जोरात खोकला आला. बाकीच्यांनी पटापट माना खाली घातल्या. एरवी राजाच्या शिंकेचंही कौतुक करणारे ते लोक आज आपल्याच पायांची बोटं मोजू लागले!

"हा बेडूक कोण?" राजा गरजला.

"आपणच, महाराज," हेनुत म्हणाली.

"तोडा! आधी म्हाताऱ्याचे हात, मग हिची जीभ!"

"तोडा की! पण त्याआधी ही छिन्नी घ्या, महाराज. समजा, आपण पुढचे राजे आहात. हे देऊळ आपल्या हाती आलंय आणि हा पुतळा समोर उभा आहे. कोरा आपलं नाव!"

"या ध्यानावर? माझं नाव? मेलो तरी कोरणार नाही!"

"बघा! ज्याचा आहे तोच नको म्हणतोय, मग दुसरा कोण हात लावणार? देखणा पुतळा कुणीही ढापेल, महाराज. पण हे पोट 'माझं' म्हणायला कोणता राजा पुढे येईल?"

राजाने हळूच आपला कान चाचपला. पुतळ्याच्या कानाकडे पाहिलं. आधी राजाचं पोट हललं, मग खांदे, आणि मग तो असा खदखदून हसला की छतावरची कबुतरं उडाली. राजा हसतोय अशी खात्री पटल्यावर दरबारीही हसले. होयबाच ते!

"म्हाताऱ्याचे हात राहू द्या!" राजाने गळ्यातला सोन्याचा हार काढून हेनुतला दिला. "आणखी काय हवं, माग!"

"मामंजींना एकदा मान वर करून आपल्याकडे बघू द्या, महाराज. आजवर न बघताच राजे घडवत आले बिचारे."

"बघ रे म्हाताऱ्या, पोटभर बघ!"

सेन्बीने भीतभीत मान वर केली. राजाकडे पाहिलं. पुतळ्याकडे पाहिलं. पुन्हा राजाकडे पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"सूनबाई," तो कुजबुजला, पण देवळात कुजबूजही घुमते, "पोट फार कमी दाखवलंस गं!"

आता मात्र राजाला उभं राहवेना. तो पोट धरधरून हसू लागला, आणि ते धरायला त्याला प्रधानाचेही दोन हात लागले!