सोडगाठीची धोंड

सोमवारी शाळेच्या दारात ओवी हात सोडेल का, या एका प्रश्नावर केतकीने अख्खी रात्र जागून काढली होती. ओवी मात्र तिच्या दंडाला विळखा घालून गाढ झोपली होती. मुलांना आईवेगळं राहण्याची सवय कशी लावावी, यावर केतकीने वाचलेल्या पुस्तकांचं एकमेकांशी पटत नव्हतं आणि केतकीचं त्यांच्यापैकी कुणाशीच. शेवटी आत्येसासूबाई फोनवर म्हणाल्या, "सावरीच्या धोंडीवर नेऊन आण पोरीला. आमच्याकडे सगळ्यांना नेतात." केतकीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आता पुस्तकांवरचाही उडाला होता, तेव्हा ती आली.

सावरी नदी घाट उतरताना एका काळ्याभोर, गुळगुळीत खडकावरून घसरत जाते. तीच सोडगाठीची धोंड. उन्हाळा सरत आला तरी तिथल्या पाण्याची ओढ कमी होत नाही. टाकलेलं पान डोळ्यांदेखत दिसेनासं होतं. आणि त्याच धारेत बोटाएवढे मळ्या मासे तोंडाखालची चकती दगडाला चिकटवून जागच्या जागी असतात. नवख्याला ते खडकावरचे डाग वाटतात. डाग शेपटी हलवतो तेव्हा कळतं.

"कुणी धरत नाही का यांना?" केतकीने विचारलं.

"इथं नाही," काठावरच्या देवळाचे रखमाजी गुरव म्हणाले. "वर धरा, खाली धरा. या धोंडीवर नाही. बसा ताई. पोरीला मांडीवर घ्या. नाहीतरी ती उतरायची नाही म्हणा."

ओवीने आईच्या गळ्याला आणखी घट्ट मिठी मारली. रखमाजींनी पाण्याकडे बघत सांगायला सुरुवात केली.

फार पूर्वी, असं सांगतात, या काठावर राही नावाची बाई राहत होती. तिचं पहिलं मूल नदीने नेलं होतं. दुसरा मुलगा झाला, तेव्हा तिने त्याला जमिनीवर म्हणून ठेवलं नाही. तो चालायला लागला तसा तिने लुगड्याचा पदर त्याच्या कमरेला बांधला, तोही निरगाठ मारून. पाण्याला जाताना, सरपणाला जाताना, पोर मागोमाग. बायका चेष्टा करायच्या, "राही, त्याच्या लग्नात सुनेचाही पदर बांधावा लागेल गं, एखादं टोक मोकळं ठेव." राही हसायची नाही. तिची गाठही सैल व्हायची नाही.

त्या काळी उन्हाळ्यात धोंडीच्या वर दगडमातीचा बांध घालून नदी बाजूला वळवत. खडक उघडा पडे. बाकीचे मासे पाण्याबरोबर निघून जात, मळ्या मात्र ओल्या दगडाला तोंड लावून तसेच राहत. मग बायका नखांनी त्यांना सोलून टोपलीत टाकीत. एका वर्षी राही अशीच मासे सोलत होती आणि पोर तिच्या पदराला होतं. घाटमाथ्यावर वळीव कोसळला होता, याची खाली कुणाला गंधवार्ता नव्हती. बांध फुटला.

लोंढा आला तशी राहीच्या हाताला काठावरच्या वाळुंजाच्या झाडाची मुळी लागली आणि ती तगली. पोर पदराच्या टोकाशी धारेत गेलं. पाणी त्याला पुढे नेऊ बघत होतं, लुगडं मागे ओढत होतं आणि त्या ओढाताणीत पोराचं डोकं पाण्याखाली जात होतं. राहीने जोर लावून ओढलं की ते आणखी खाली जाई. काठावरून लोक ओरडत होते, "सोडू नको! सोडू नको!" तिने गाठ सोडायला बघितली, पण ती पोराच्या कमरेला होती, हात पुरेना. पुरला असता तरी भिजून दगडासारखी झालेली निरगाठ सुटली नसती.

तेव्हा राहीने कमरेचा कोयता उपसला आणि स्वतःच्या हाताने पदर कापला.

केतकीने नकळत ओवीची पाठ थोपटायला घेतली.

"हे पोर मला मिळालं तर या दगडावरच्या जिवाला माझं कूळ नख लावणार नाही," असं ती नदीला म्हणाली म्हणे. लोक खालच्या डोहात शोधू लागले. पोर डोहात नव्हतंच. धोंडीच्या उतारावर पालथं पडलं होतं, जिवंत, बोटं खडकाच्या चिरांत रुतवून, गाल दगडाला लावून. पाठीवरून पाणी जात होतं आणि सभोवती मळ्याच मळ्या होते.

"माझी आजी सांगायची, माशांनी त्याला धरलं," रखमाजी म्हणाले. "काहीजण म्हणतात, पोरानं त्यांचं बघून दगड धरला. मला विचाराल, तर आईनं धरलेलं असताना त्याला स्वतःहून काही धरायची पाळीच आली नव्हती. पण तेव्हा मी नव्हतो."

आजही त्या धोंडीवर गळ पडत नाही, वर कुणी बांध घालत नाही. आजही मूल पहिल्यांदा घराबाहेर पडायचं असलं, पूर्वी गुरांमागे आणि आता शाळेला, की आई त्याला इथे आणते. पदर त्याच्या कमरेला बांधते, घोटाभर पाण्यात उभं करते आणि गाठ स्वतःच्या हाताने सोडते. ती सोडगाठच हवी, टोक खेचलं की सुटणारी. पदर नसेल तर ओढणी चालते. जीन्सवाल्या आयांसाठी देवळात एक उपरणं ठेवलेलं आहे.

केतकीने ओढणी बांधली. रखमाजींनी वाकून पाहिलं.

"ताई, ही निरगाठ झाली."

"सवयीनं," केतकी ओशाळली. तिने पुन्हा बांधली. ओवीला काठालगतच्या उथळ धारेत उभं केलं. ती आता भोकाड पसरणार, या तयारीने स्वतः मागे उकिडवी बसली. ओवीने पायाशी पाहिलं. एक मळ्या सरकला आणि तिच्या अंगठ्याजवळ पुन्हा चिकटला. ओवी रडली नाही. तिने बोटं आवळून दगड धरला.

केतकीने ओढणीचं टोक खेचलं. गाठ सुटली आणि ओढणी पाण्यावर तरंगत बाजूला गेली.

"सोडलीत ना ताई?" रखमाजींनी रीतीप्रमाणे विचारलं.

"सोडली," केतकी म्हणाली.

माशांवरची नजर न काढता ओवी म्हणाली, "नाही हो आजोबा. हिनं मागून माझा फ्रॉक धरलाय."