डोंगराकडे पाहणारी जीप

वाहने आणि अवजारे एकमेकांशी बोलत असत त्या काळी एका गावात एक जुनी जीप होती. तिचे मालक मुरलीधरपंत तिला अंगणात जॅकवर चढवून ठेवून दर रविवारी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करत. जीपला मात्र एकच ध्यास लागला होता: समोरच्या डोंगराची खडकाळ वाट पुन्हा एकदा चढायची.

"जॅकदादा, आज तरी खाली उतरवाल ना?" ती विचारी.

"उतरवतो की! नवे टायर तर बसू देत." टायर बसले, मग झिजलेले स्प्रिंगचे पाटे बदलले, मग नवे दिवे आले. "नवरीचा साज एकदाचा संपतो, तुझा काही संपत नाही बाई," जॅक कुरकुरला.

अखेर रंगही झाला. पंतांनी तिला खाली उतरवून किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. जीपला आनंद आवरेना.

"चला, डोंगरावर जाऊन येऊ," पंतांच्या पत्नी सुलभाताई चपला घालत म्हणाल्या.

"डोंगरावर? अगं, कालच रंग दिलाय. ओरखडा पडला म्हणजे?" पंतांनी इंजिन बंद केले आणि घरातून जाड ताडपत्री आणली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," जॅक हळूच म्हणाला. "आता तुझ्यात काहीच कमी नाही."

"दादा, गंजलेली होते तेव्हा मी दर आठवड्याला वर पोचत होते."

ताडपत्री मागून पुढे सरकत आली. दिवे झाकले जाईपर्यंत जीप डोंगराकडे पाहत राहिली.